खड्यातली रेघ

अयाज, चाक थांबव जरा.
बाहेर एक बाई आली आहे, तिची अंगठी बघ.
खडा हिरवा पडलाय म्हणून घाबरली आहे.
तिला काय सांगायचं, ते ठरवण्याआधी
एवढं ऐकून घे.

मशहदच्या या गल्लीत चाळीस वर्षं
मी पिरोजा घासतो.
काडीच्या टोकाला लाखेनं डकवायचा,
साणेवर गोल करायचा,
मग वाळुंजाच्या लाकडावर, मग कातड्यावर,
आणि शेवटी स्वतःच्या गालावर फिरवून बघायचा.
गार लागला, की झाला.
हे माझ्या उस्तादानं शिकवलं,
आणि हेही, की खडा आजार ओळखतो.
धन्याच्या अंगात ताप चढायच्या आधी
त्याचा रंग उतरतो.
घोड्यावरून पडणाऱ्याचा मार
स्वतःवर घेतो आणि तडकतो.
नवा चंद्र दिसला की नजर तशीच खाली आणून
खड्यावर टेकवावी,
महिना बरा जातो.

मी मान डोलवायचो.
मला माहीत होतं: साबण, घाम, हाताचं तेल.
दगड तहानलेला असतो, मिळेल ते पितो.
खाणवाल्यांना तर पणज्यापासून ठाऊक.
गिऱ्हाईक येईपर्यंत खडे
ओल्या मातीच्या मडक्यात ठेवायचे,
विकल्यावर फिके पडेनात का,
मग आपण कुठे अन् ते कुठे.

तूबा तिथलीच,
निशापूरच्या खाणीखालच्या गावातली.
लहानपणी बायकांबरोबर डबरावर पाणी मारून
निळं वेचायची.
लग्नात मी तिला अजमी देणार होतो,
एकही डाग नसलेला, नुसतं आभाळ.
म्हणाली, नको.
ज्याला कधी काही झालंच नाही
तो माझ्याशी काय बोलणार?
आणि शजरी निवडला, तांबूस रेघांचा.
एक रेघ मधेच फुटून दोन झालेली.
"हा आमचा ओढा," म्हणाली,
"इथं गाढवं पाणी प्यायची."

एकसष्टाव्या वर्षी तो खडा
हिरवा होऊ लागला.
डॉक्टरांनी नंतर सांगितलं. खड्यानं आधी.
किंवा साबणानं. मला काय ठाऊक.
ती बोट उजेडात धरून बसायची,
अंगणातल्या डाळिंबाकडे पाठ करून.
काही म्हणायची नाही.
ते न म्हणणं मला ऐकवेना.

एका रात्री तिच्या उशाखालून अंगठी काढली.
तीन आठवडे बाजार पालथा घालून
तसाच शजरी मिळवला होता.
दिव्याखाली जुना उचकटला, नवा बसवला.
रेघ जवळपास तशीच.
सकाळी ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, "बघ, उतरलं माझं."
त्या दिवशी तिनं शेवयांचं आश शिजवलं,
दोन वाट्या खाल्लं,
शेजारी पाठवलं.

तीनदा बदलला मी खडा.
चौथ्यांदा वेळ मिळाला नाही.

तिला न्हाऊ घालायला
शेजारची सनोबर होती.
बाहेर येऊन तिनं रुमालात बांधलेली अंगठी
माझ्या हातावर ठेवली.
म्हणाली, निरोप आहे. ओढा डावीकडे वळतो आमचा,
उजवीकडे नाही.
पण त्यांना सांग, म्हणाली,
याही ओढ्याचं पाणी गोड होतं.

काढलेले तिन्ही खडे या डबीत आहेत.
पहिला तर पार पिस्त्यासारखा.
गिऱ्हाइकं विचारतात, काय घेणार याचे.
डबीतलं फडकं मी रोज सकाळी ओलं करतो,
साबणाचं सगळं कळणारा माणूस.

जा आता, बाई ताटकळली असेल.
तिला साबणाचं सांग.
मग स्टूल पुढे कर, चहा दे,
आणि विचार,
घरी कोण आहे तिच्या.